बोटभर खाली

दिवसभर मी बुडबुड्यांवर पहारा देते.
नेरुळच्या हॉस्पिटलात डायलिसिसची नऊ यंत्रं;
रक्ताच्या नळीत मोहरीएवढी हवा शिरली
तरी भोंगा वाजतो, मी धावते.
रात्री घरी येऊन
मुद्दाम बुडबुडे सोडते टबात.
मासेवाल्या दुकानातून आणलेला हवेचा दगड
गुडगुडत राहतो पलंगाच्या पायथ्याशी
आणि मला झोप लागते.

पहिल्या खेपेला अकरा लेट्यूस गेले.
बुधवारपर्यंत ताठ होते,
शेजारच्या जिन्सीबाईंनी फोटो काढावा असे.
गुरुवारी एक आडवं झालं.
उचललं, तर पानं हातात, मुळं टबात,
मधला देठ भिजल्या साबणासारखा.
मुळं मात्र पांढरीशुभ्र.
हेच कळेना:
जे पाण्यात बुडालेलं ते शाबूत,
आणि ज्याला नुसते शिंतोडे, त्यानं मान टाकलेली.

मी पाणी वाढवलं.
काळजीला दुसरं काय येतं, ओतण्याशिवाय.
दोन दिवसांत उरलेले दहाही गेले.

जोमा नाखवा दिवाळ्याचे.
मंगळ, गुरू, शनी, खिडकीजवळची खुर्ची.
सगळा जन्म खाडीत,
आता दिवसाला लिटरभर पाणी, चहासकट.
सुई लावताना सहज बोलले मी, लेट्यूसचं.
ते यंत्राकडे बघत राहिले बराच वेळ.
मग म्हणाले,
"होरी बुडल्याली असते ना पोरी, तिथं कुजत नाय.
कुजते त पान्याच्या रेघंव.
जिथं पानी नि वारा भांडतान,
रोज थोरं ओलं, थोरं सुकं."
आणि त्यांनी आपल्या मानेवर आडवं बोट फिरवलं.

त्या रविवारी टब उपसला, घासला, उन्हात पालथा घातला.
नव्या पाण्याची रेघ उतरवली
जाळीच्या कुंडीखाली बोटभर.
मुळांना म्हटलं, तहान लागली तर उतरा.
देठाला बिलगलेला ओला स्पंज काढला,
भाजक्या मातीचे गोळे भरले, वरचा थर कोरडाठाक.
टब पारदर्शक, उजेडानं पाणी शेवाळायचं,
त्याला काळी पिशवी नेसवली.
पंखा एकवर, देठांकडे तोंड करून;
नवरा म्हणतो, मीही सजीव आहे.
मे महिन्यात पाणी अंगाइतकं कोमट होतं,
तेव्हा बर्फाची बाटली तरंगते त्यात.
दोन झाडांच्या मधे कात्री स्पिरिटनं पुसायची,
हे मात्र कुणी शिकवावं लागलं नाही,
हातच करतात.

तरी एक बेसिल बुडाशी काळवंडलं.
वर चार नवी पानं होती त्याला.
घुटमळले. चहा केला. पुन्हा येऊन बघितलं.
मग उपटून, पिशवीला दोन गाठी मारून
खाली घंटागाडीत.
बाकीची सात आपापल्या बोटभर अंतरावर
गप्प उभी होती.

पालक आला तेव्हा नाखव्यांना सांगितलं.
हसले. "माना काय उपेग?"
खरंच, पोटॅशियम. पालक बंद, टोमॅटो बंद, शहाळं बंद.
पुढच्या मंगळवारी खिशातून नेलं
बेसिलचं एकच पान, टिश्यूत गुंडाळून.
वास घ्यायला बंदी नाही.
चार तास ते पान त्यांच्या मिशीजवळ होतं.
दोनदा भोंगा वाजला, दोन्ही वेळा दुसऱ्याच खुर्चीचा.

आज रात्रीही दिवा घालवण्याआधी
गोळ्यांत बोट खुपसलं, देठाच्या अगदी लगत.
कोरडं.
खाली कुठेतरी, अंधारात,
पाणी बडबडत होतं.