मुद्देमाल क्रमांक सत्तेचाळीस

किनवटच्या कोर्टात मी मुद्देमाल सांभाळायचो,
अकरा वर्षं. कुलूप, रजिस्टर, उंदीर
आणि लाखेचा वास.
कुऱ्हाडी, सायकली, एकदा तर जिता बोकड,
आणि बाटल्या. बाटल्याच जास्त.

पंचनामे सगळे एका हातानं लिहिल्यासारखे:
‘मोहफुलाचे उग्र वासाचे सडके रसायन,
अंदाजे साठ लिटर, जागीच नाश केले.’
रसायन.
आमच्या गल्लीतले वैद्य हाच शब्द
आवळ्याच्या बरणीवर चिकटवायचे.

शब्दांचं वेड मला तिथंच लागलं.
दारू म्हणजे फारसीत औषध,
हे पेशकार कादरीसाहेबांनी सांगितलं, पानाला चुना लावता लावता.
‘तुम्ही अजून म्हणता की, दवादारू करा.
अर्धा शब्द दवाखान्यात गेला, मियाँ,
अर्धा लॉकअपात.’
आणि गुत्ता म्हणजे नुसता ठेका.
निजामाच्या राज्यात तालुक्याची बोली लागायची,
चढ्या बोलीचा तो गुत्तेदार.
रस्ता बांधणाऱ्याला आम्ही आजही तेच म्हणतो,
तोही आपला वाहूनच जातो.

जंगल तेच होतं, झाडं तीच.
चैत्रात पहाटे टपटपलेलं फूल
वाळवून खाल्लं तर तुमचं,
भिजवलं की सरकारचं.

मग ते राज्य गेलं. कागदावरची उर्दू गेली.
कलम आलं, पासष्ट ई.
इस्लापूरपल्याडच्या धुरपताबाई मुकाडेला
राज्य बदलल्याचं कोणी कळवलं नव्हतं.
तारखेला यायची, पायरीवर बसायची,
विचारलं तर सांगायची, न विचारताही:
“पहिली धार भुईला, देवाच्या नावानं.
मंग बाळंतिणीच्या अंगाला चोळायला.
ऱ्हायली ती इकतो.
नवसागर न्हाई टाकत मी. टाकणारे येगळे हायेत.”
नवरा?
“मेला. सरकारमान्य दुकानाची पिऊन.
पावती हाय माझ्यापाशी.”

शिपाई हसले. मला हसता आलं नाही.
माझा थोरला भाऊ व्यंकट
हिमायतनगरच्या बाजारातून एक फुगा पिऊन आला,
रात्री म्हणाला, कंदील का विझवलास?
कंदील जळत होता.
म्हणून मला त्या बाईचा राग यायला हवा होता.
मी रोज तो शोधायचो, रजिस्टरात शोधावा तसा.

तिसऱ्या वर्षी पुरावा मागितला.
मी सत्तेचाळीस नंबर काढला.
लाख शाबूत, दोऱ्याची गाठ शाबूत,
पंचांच्या सह्या, एक अंगठा.
बाटली कोरडी.
एकशेऐंशी मिली कुठून, कधी,
कोणत्या उन्हाळ्यात निघून गेली,
कोणाला ठाऊक.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
वकील तिच्या कानाशी लागला: नाही म्हण,
नुसतं नाही म्हण, सुटलीस.
तिनं बाटली मागितली.
दोन्ही हातांनी धरली, तान्हं धरतात तशी,
सील फोडायच्या आधीच नाकाशी नेली,
डोळे मिटले.

“माझीच हाय,” म्हणाली.
“त्या साली फूल लई गोड पडलं व्हतं.”

दंड किती झाला आठवत नाही.
रजिस्टरात असेल.
शेऱ्याच्या रकान्यात मी ‘रिकामी’ लिहिलं,
मग ते खोडलं,
आणि रकाना तसाच ठेवला.