वर्षातले नऊ दिवस

तीनदा येते. आली की तीन दिवस राहते.
म्हणजे वर्षातले नऊ दिवस.
उरलेले तीनशे छप्पन्न मी रविनगरच्या दुकानात
कागदाचे रिम उचलतो, थिसिस बांधतो,
आणि पोट्टे म्हणतात, काका, तुमचं वय वाटत नाही बा.

रिमांनी मला कधीच काही केलं नाही.
ह्या वेळी पेनाचं टोपण पडलं होतं.
वाकलो, आणि तिथंच राहिलो.
मशीनमधून कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती
येत राहिल्या, एकेक, गरम,
आणि बंद करायचं बटण
हातभर वर होतं.

घरी रंजूनं फरशीवर सतरंजी टाकली.
मे महिना. कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास.
सोफ्याखाली दोन वर्षांपूर्वीची गॅसची पावती सापडली,
हात पोचला नाही.

जमिनीवर पडलेला माणूस काहीही कबूल करतो.
ऑपरेशन? हो.
कण्यात सुई? हो.
कळमेश्वरचा हाड बसवणारा? त्यालाही हो.
तिथं लांजेवार काकांना चौघांनी उचलून नेलं
आणि ते चालत परत आले,
असं काका सांगतात.
काकू म्हणतात, गेले तेव्हाही चालतच गेले होते.

चौथ्या दिवशी मी उठून चहा केला.

धंतोलीत दाढे डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
त्रेपन्न वर्षं मागं घेऊन फिरलो ती माझी पाठ
मी पहिल्यांदा पाहिली.
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी जरा सरकली आहे, म्हणाले,
व्यायाम करता येईल, सुई देता येईल,
फारच झालं तर ऑपरेशन.
पाय लुळा पडला, लघवी अडली
तर रात्र असो की दिवस, तडक या.
नाहीतर घाई नाही.
पाठ तुमची. तुम्ही ठरवा.

हे वाक्य माझं आहे.
पाठ निघालेलं पुस्तक कुणी आणलं
की मी हेच विचारतो:
परत शिवू, की नुसती खळ लावू?
शिवलं तर आतली अक्षरं थोडी दबतील,
खळ लावली तर किती टिकेल सांगता येत नाही.
पुस्तक तुमचं. तुम्ही ठरवा.
आणि गिऱ्हाईक नुसतं उभं राहतं,
मला वाटायचं, पैशांचा विचार करतं आहे.

कुणी ठरवावं?
पडलेल्याला विचारलं तर तो कोऱ्या कागदावर सही देईल.
उभ्याला विचारलं
तर तो पडलेल्याला ओळखतच नाही,
म्हणतो, होतं थोडंफार, कायले मोठी गोष्ट करता!
दोघांची कधी भेट होत नाही.
एक आला की दुसरा गेलेला असतो.

रंजूनं मग कॅलेंडरचं मे महिन्याचं पान काढलं.
मागच्या बाजूला तिच्या अक्षरात गोळ्यांच्या वेळा,
आणि खाली,
दुसरी रात्र, तीन वाजता, मी काय म्हणालो ते:
'मला फक्त कूस बदलता आली पाहिजे.'

मला आठवत नव्हतं.
त्यानं ऑपरेशन मागितलं नव्हतं.
कळमेश्वर मागितलं नव्हतं.
एवढंच मागितलं होतं,
तेही तिच्याकडं.

आता सकाळी साडेसहाला, गोकुळपेठेतल्या त्या मुलीनं
शिकवलं तसं,
गुडघे दुमडून, खांदे आणि कंबर एकदम,
डावीकडून उजवीकडं.
परत.
सहा आठवडे, ती म्हणाली. पुढं बघू.
दिवाळीआधी पुन्हा आलीच तर सुईचं पाहू,
फाइल फ्रिजवर आहे, रंजूला माहीत आहे.

कूलरमध्ये पाणी मी अजून मीच टाकतो.
अर्धी बादली. दोन खेपा जास्त होतात.
टोपण अजून मशीनखाली आहे.
असू द्या.