जेवढं बाहेर, तेवढंच आत

पाथर्डी फाट्याला, रो-हाउसच्या पुढ्यात
गाडी चार स्टँडांवर चढवलेली
आणि खाली पुठ्ठ्यावर मी, उताणा.
पुठ्ठा फ्रिजचा. फ्रिज गेला, पुठ्ठा टिकला.
तरी डिसेंबरची फरशी पाठ शोधतेच.

अंबडचा खलील म्हणाला होता, काका,
नव्वद हजार झालेत, आता हात लावू नका.
जुन्या तेलातल्या गाळावरच प्लेटा धरून असतात,
नवं घातलं की सरकतात.
मी एकतीस वर्षं सातपूरला गिअर कापले.
गाळावर धरून राहिलेली
एक अख्खी सेकंड शिफ्ट पाहिली आहे.

नट सुटला. आधी थेंब, मग दोरी.
लाल म्हणून भरलेलं तेल काकवीसारखं उतरतंय,
वास तव्यावर विसरलेल्या भाकरीचा.
"काय म्हणतंय?" बाहेरून पुष्पलता.
"थोडं जळालंय."
"थोडं म्हणजे किती?"

थोडं तिला चालत नाही.
बावीस वर्षं दुधाचं केंद्र चालवलं तिने,
पहाटे साडेचारला, लेखानगरच्या कोपऱ्यावर,
आणि फेस कधी मापात धरला नाही.
ही ऑटोमॅटिकसुद्धा तिच्या हिशेबाने आली.
पाय दोन आणि पेडल तीन,
हे गणितच मला पटत नाही, म्हणाली.
कॉलेज रोडच्या एका डॉक्टरची जुनी गाडी घेतली,
आणि वर्षभर तिने फक्त पुसली.

पॅन उतरवला. तळाला लोहचुंबक,
त्यावर राखाडी लोणी.
दोन बोटांत चोळून पाहिलं, डोळे मिटून,
जसं नवा जॉब मशिनवरून उतरल्यावर पाहायचो.
कणी लागली नाही.

तीन लिटर आठशे निघालं. तेवढंच भरलं.
ती हात पुसायला लागली.
म्हटलं, थांब, निम्म्याहून जास्त अजून आतच आहे,
कन्व्हर्टरच्या पोटात.
ते नट काढून येत नाही,
इंजिन फिरलं तरच बाहेर पडतं.
"मग फिरवायचं कोणी?"

स्टुलावर पाय देऊन चढली.
साडीचा काठ दारात अडकला, सोडवला,
आरसा स्वतःपुरता वाकवला.
मी पुढे उकिडवा, कूलरचा पाइप बाटलीत धरून.
बाटल्यांवर तिनेच मार्करने मारलेल्या रेघा.
"सुरू."
"बंद."
एक लिटर बाहेर, एक लिटर फनेलने आत.
"सुरू."
"बंद."
काकवी. पुन्हा काकवी. मग कोरा चहा.
चौथ्या बाटलीला
मी तोंड उघडायच्या आत इंजिन थांबलं.
तेल बरोबर रेघेवर.
काचेतून म्हणाली, "सतरा आकड्यांना लिटर होतो.
तुम्ही एकोणिसाव्याला ओरडता."

मग मी ओरडलोच नाही.
शेजारचे दाणी पेपर घेऊन फाटकाशी उभे,
दोन माणसं न बोलता काय करतायत ते बघत.
पाचवी बाटली कोकम.
सहावीत डाळिंब.

गरम इंजिनवर पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली.
ब्रेकवर पाय ठेवून तिने पी, आर, एन, डी,
प्रत्येक घरात जरा थांबून,
जसं नव्या घरात दिवे लावून बघतात.
मागे जायला टाकताना पूर्वी
कमरेत एक धक्का बसायचा.
"आता लागला का आर?" तिने विचारलं.
लागलेला होता.

जुनं तेल साडेनऊ बाटल्या.
अर्धीवर तिने पेनाने अर्धी लिहिलं, तारीख घातली.
नासर्डीचा नाला दोनशे पावलांवर आहे.
मी त्या बाजूला नुसतं पाहिलं तर म्हणाली, "नाही हं."

आज सकाळी खलीलकडे पोचवलं सगळं,
भट्टीवाला येऊन नेतो त्याच्याकडून.
गाडी शटरपाशी थांबली तसा तो हात पुसत आला,
सवयीने उजव्या खिडकीशी वाकला, म्हणाला, "काका..."
आणि तिच्याकडे बघत राहिला.
मी डावीकडे होतो,
मांडीवर ती अर्धी बाटली, झाकण घट्ट दाबून.