एक जून

जनरल रजिस्टरात लाल शाईनं लिहिलंय,
अंकी आणि अक्षरी:
राजनंदिनी मेटकरी,
चौदा ऑक्टोबर दोन हजार पंधरा.
ह्या ओळीत काना-मात्रा जरी बदलायची म्हटली
तर विट्याला दोन खेपा, एक प्रतिज्ञापत्र,
आणि साहेब जाग्यावर सापडावे लागतात.

तिनं ती अंगठ्यानं बदलली.
सालांचं चाक फिरवत फिरवत मागं नेलं
आणि आत घेतलं तिथं थांबली.
एकोणीसशे एक्याण्णव.
म्हणजे आमच्या चौथीत, खिडकीकडच्या रांगेत
चौतीस वर्षांची एक बाई बसते,
वरचा सुळा नुकताच पडलेली.

पोरांनीच सांगितलं, खिचडी खाता खाता.
"मॅडम, तिचं खातं हाय. दोनशे चौदा जण हाईत तिला."
घाटमाथ्यावरची शाळा. आमचा अख्खा पट सत्तावीस.

वय किती गं तुझं?
खोडी नव्हती तिच्या डोळ्यांत, तिनं खरंच विचारलं,
"कुठलं मॅडम?
शाळंतलं का त्यातलं?"

रागवायला तोंड उघडलं
तर माझ्याच हातात मोबाईल,
खिचडीचा फोटो चौसष्ट टक्क्यांवर अडकलेला.

पोरं मधल्या सुट्टीत "मॅडम-मॅडम" खेळतात.
एकानं फुटक्या कौलाचा तुकडा घेऊन
खिडकीत चढायचं, हात उंच धरायचा,
म्हणायचं, "थांबा रे, लिंक ओपन होईना."
बाकीच्यांनी गप्प बसायचं.
बोलला तो आऊट.
एवढाच खेळ आहे.

रात्री बघितलं तिचं खातं.
पवनचक्कीखाली ती, आईची ओढणी,
ओढणीचं टोक बोरीच्या काट्यात गुंतलेलं,
मागं दोन शेरडं, त्यांना गाण्याचं काही नाही.
खाली कुणीतरी लिहिलंय, नाइस डिअर.
त्याच्या चेहऱ्याच्या जागी वाघाचं तोंड.
माझ्या पोटात गोळा आला.
आणि प्रत्येक व्हिडिओखाली,
रात्री साडेअकराच्या पुढं कधीतरी,
एकच लाल बदाम न चुकता:
मेटकरी गलाई सेंटर, कोईमतूर.

त्याला फोन लावला.
मागं भट्टी घुमत होती, कुणीतरी मूस मागत होतं.
वाघाचं सांगितलं.
बराच वेळ नुसती भट्टीच ऐकू आली.
मग म्हणाला, "मॅडम, नंदू दुसरीत हाय न्हवं?"

झोप लागेना.
माझी जन्मतारीख एक जून.
थोरल्या भावाची एक जून, नवऱ्याचीही एक जून,
एका मांडवात उरकतील असे आमचे वाढदिवस.
शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजी म्हणाले,
उजवा हात डोक्यावरनं घे, डावा कान धर.
बोटं कानाला लागली म्हणून मी सहा वर्षांची.
खरी तारीख बाजरीच्या काढणीतली कुठलीतरी,
ती आईबरोबर गेली.
आत घेतील तेवढं वय सांगायचं,
ही रीत आमच्याकडं जुनीच.
फक्त त्या दाराशी गुरुजी होते.
आत गेल्यावर नावानं हाक मारायचे,
दोन दिवस नाही दिसलो तर घरी यायचे.

आज बापाचा निरोप आला, खातं बंद करतो म्हणून.
पण मग रात्रीचा बदाम कुठं ठेवायचा,
ते त्यानं विचारलं नाही
आणि मला सुचलं नाही.

परिपाठ झाल्यावर तिला पुढं बोलावलं.
हात घे डोक्यावरनं, धर कान.
ती वाकडी झाली, हसायला लागली,
सुळ्याच्या जागची खिंड दिसली.
"लागला मॅडम! आता किती वर्षांची झाले?"

तोवर सगळा वर्ग
डोक्यावरून हात घेऊन उभा,
सगळ्यांच्या बोटांत आपापला कान,
ज्याचा लागत नव्हता तो शेजाऱ्याचा धरून,
आणि टेबलावर माझा फोन थरथरत सरकत चाललेला,
नवी लिंक आली होती,
आजच भरायची.