पुरवणी यादी

ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर घेऊन
तांडापेठेमागच्या गल्लीत शिरते,
बगलेत मतदारयादी, पर्समध्ये फॉर्म सात.
शाळेनं मला घरं दिलीत दोनशे अकरा.
बंद पडलेले माग किती,
त्याला रकाना नाही.

गल्लीच्या मधून नाली जाते.
नव्या सीमा आखताना साहेबांचं बोट नालीवरच टेकलं :
डावीकडची दारं जुन्या मतदारसंघात, उजवीकडची दुसऱ्या.
हापशी त्यांची, ओघळ आमचा.
बाया समोरासमोर बसून वाटाणे सोलतात
वेगवेगळ्या आमदारांच्या राज्यात.

पैकूजी निखारे दर खेपेला मला बसवून सांगत :
पहिला आमदार सायकलनं विधानसभेत जाये,
गावच राजधानी होतं ना जी, डबा घेऊन जाये.
मग राज्य बदललं, तो रेल्वेनं मुंबईला जाऊ लागला
आणि येताना तिकडची बोली आणू लागला.
मग विधानसभाच येऊ लागली डिसेंबरात,
स्वेटर घेऊन आलेल्या पाहुणीसारखी,
दोन आठवडे, बांबूच्या कठड्याआडून दिसायची.

“तीन राज्यं झाली, बारा निवडणुका.
वकील आला, जॉबर आला, जॉबरचा पोरगा आला,
रेशनवाला आला, मंग त्याचा साळा.
माहा मानूस एक डाव नाई आला.
कोनी उभा राहो धोटा घेऊन, मी धोट्यालेच देतो.
तं सांगा मॅडम, माहा आमदार कोन?”
“जो आला तोच, पैकूजी.”
ते चहा बशीत ओतायचे.
बशी रिकामी होईस्तोवर बोलायचे नाहीत.

मागच्या वेळी मशीन आलं
आणि बूथचा आकडा पहिल्यांदाच उघडा पडला :
धोटा – सात.
पानठेल्याला वर्षभराचा धंदा मिळाला.
सहा जण नावानिशी निघाले. सातवा कोण?
पैकूजींनी न्हाव्यावर संशय घेतला, मग पिठाच्या गिरणीवाल्यावर,
एकदा माझ्यावरही,
मी तर त्या बूथची मतदारच नव्हते.

आज खाटेवर धोतराची घडी.
“भादव्यात गेला,” सकवारबाई म्हणते.
फॉर्मला हवंय : तारीख, कारण, नातं.

पहिल्या यादीत ही बाई ‘पैकूची बायको’ होती.
परक्या माणसाला नाव सांगितलं नाही,
म्हणून वगळली गेली.
दुसरीत आली ती ‘सखाराम, स्त्री’ अशी.
सखाराम म्हणूनच तिनं दोनदा मत दिलं,
कारकुनाला काही वाटलं नाही.

“माहे सारेच आले निवडून,”
ती सांगते, चोरी कबूल करावी तशी.
“वकील, जॉबर, तो साळाबी.
त्यानं एक द्याचं, मी दुसरं.
घरातून सरकारले काहीच गेलं नाई पाहा.”
पदर ओठांवर धरून हसते. मग हळूच :
“मागची खेप सोडून.”

पेन थांबतं.

“दमा होता त्याले. रांगेत उभं राहवे ना.
मी बायांच्या रांगेतून पाहत होती.
मशीन केवढ्यानं वरडलं,
अन् बाहीर आला तो पोरावानी हसत.
मंग मीबी तेच दाबलं.”

“त्यांना सांगितलं नाही?”
“कायले? मानसाले शोधाले काही तं पाह्यजे.”

अंगठा नको म्हणते. सही करते,
एकेक अक्षर मागावर चढवल्यासारखं.
‘सकवार’पाशी थांबून विचारते,
“यंदा असन ना जी धोटा, मशीनवर?”

तिचं दार नालीच्या उजवीकडे.
निशाण्यांच्या यादीतून धोटा गाळल्याचं पत्रक
माझ्याच पर्समध्ये, चौघडी करून.

“आडनाव लिहा,” मी म्हणते,
आणि ओल्या सहीवर फुंकर घालत राहते.