उरलेलं पाणी

परळ, चौथा मजला, प्राणीगृह. सकाळी सात.
मी बाटल्या तोलते.
काल किती भरलं, आज किती उरलं,
वहीत फक्त हा फरक जातो,
बाकी सगळं भुशात.

मंगळवारी त्यांनी सॅकरिन चाटलं, आयुष्यात पहिल्यांदा,
मिशा थरथरवत, हावरटासारखं.
अर्ध्या तासाने लिथियम, पोटात, सुईने.
उंदराला ओकता येत नाही.
सगळे कोपऱ्यात पोट टेकून पडले.
एकाने तर, माती नाही म्हणून, भुसाच खाल्ला.

शुक्रवारी पुन्हा तीच गोड बाटली.
चार नंबर आला, एकदाच जीभ लावली,
हनुवटी जाळीवर खसाखसा घासली, पाठ फिरवली.
दीड मिली.
एका दिवसात जन्माचं शिकला.

सहा नंबरला मी लिथियमच्या आधी दुसरी सुई दिली होती,
सेरोटोनिनच्या एका दाराला आतून कडी घालणारी.
तो अकरा मिली प्यायला,
जणू मंगळवार झालाच नव्हता.
आठ नंबरलाही तीच सुई, तेवढाच डोस.
त्याने बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
सर म्हणाले, बसवू त्याला गणितात कुठेतरी.
मला मात्र आठ नंबर पटतो.

सेरोटोनिन डोक्यात थोडं, आतड्यातच फार,
हे तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं होतं.
आता रोज बेसिनवर वाकून
तीच परीक्षा पुन्हा देते.
तिसरा महिना. इथे कुणाला बोलले नाही.
पर्समध्ये गोळ्यांची पट्टी आहे,
सहा नंबरच्या औषधाची सख्खी बहीण.
दहाच्या दहा शाबूत.

घाडीगावकर पिंजरे धुतात.
सतरा वर्षं इथे, उंदरांशी जास्त बोलतात.
आज चहा आणला तो बिनदुधाचा, वर लिंबू पिळलेलं.
मी नुसतं पाहिलं.
"तीन हप्ते बघतंय, बाय," ते म्हणाले,
"तुमच्या गिलासात अर्ध्याच्या वर उरता."
आणि झाडू उचलून, माझ्याकडे न बघता,
"माका चार पोरां."

आठ नंबरची बाटली मी पुन्हा तोलली.
भरली तेवढीच.

चहा संपवला.
गिलास त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला,
तळ पाहिला,
आणि कुठेच काही न लिहिता
धुवायला नेला.