सात सेकंद

केबलवाल्या नरसिंगनं मला बोलावलं ते
माझं मत विचारायला नाही.
एकतीस वर्षं शाळेत टोले दिले,
बसलिंगमामाचा हात सेकंदाला चुकत नाही,
असं त्याला कुणीतरी सांगितलेलं.
शाळेत लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा होता.
इथं दिली लॉजच्या काउंटरवरची घंटी,
बोटानं दाबायची. टिंग.
एवढ्याशा आवाजाला पुढारी थांबतील,
हे मला तेव्हाच पटलं नव्हतं.

फोटो स्टुडिओच्या वरची खोली. मागं धबधब्याचा पडदा,
ज्याच्यापुढं उभं राहून उदगीरच्या निम्म्या पोरींनी
दाखवायचे फोटो काढले.
त्या धबधब्याकडं पाठ करून बसले
नगराध्यक्षपदाचे दोघं,
आणि पहिलाच प्रश्न निघाला:
नळाला पाणी कितव्या दिवशी?

खंदाडे सुरू झाले.
काय बोलले म्हणता!
हलवायानं पाकाची तार ओढावी,
तुटली तुटली वाटावं आणि तुटू नये.
आजोबाच्या आडापासून निघाले,
वाटेत एक म्हैस, एक कलेक्टर,
एक कानडी म्हण, वर तिचा मराठीत अर्थ.
कॅमेऱ्यावरचं पोरगं हसलं, कॅमेरा हलला.
दोन मिनिटं झाली.
बोट घंटीवरच होतं.
पण आडात पडलेल्या म्हशीचं पुढं काय झालं
ते मला ऐकायचं होतं.
सात सेकंद.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा, सात.

मग रेहाना सिस्टर.
सरकारी दवाखान्यातून रिटायर,
अर्ध्या गावाच्या दंडावर तिच्या सुईची खूण.
कागद चष्म्याशी नेऊन आकडे वाचायला लागली.
एक चुकला. थांबली,
मागं जाऊन तीच ओळ पुन्हा वाचली.
पोरानं जांभई दिली.
मीही दिली, खोटं कशाला बोलू.
शेवटी कागद खाली ठेवला, चष्मा काढला,
माझ्या अंगावरून कॅमेऱ्याकडं बघत म्हणाली,
"आणि टाकी भरलेली असून पाणी का सुटत नाही, तर..."

टिंग.

बरोब्बर. एकशेवीसला एकशेवीस.
आणि ती थांबली.
घंटी झाली की थांबायचं ठरलं होतं,
म्हणून थांबली.

दुसऱ्या दिवशी चौबाऱ्यात एकच चर्चा.
"खंदाड्यानं धुऊन टाकली."
"बाईला बोलायचंच जमंना."
इलियासनं माझ्या गालावर वस्तरा थांबवला,
"मामा, तुम्ही तर समोरच होतात. कोण भारी?"
बोलण्यात खंदाडेच, म्हटलं.
ते खरंही होतं.
सात सेकंदांचं काही बोललो नाही;
गळ्याशी वस्तरा होता हे एक निमित्त.

घरी शिवकांता भाकरी थापता थापता,
"ती बाई काय सांगायली होती, तर म्हणून?"
वेळ संपली होती, म्हटलं.
"मग त्याची नव्हती का संपली?"
तव्यावरची भाकरी उलटली तिनं.
माझ्याकडं बघितलंही नाही.

मतदानाला नऊ दिवस आहेत,
पाण्याला पाच.
रात्री जाग आली की ते वाक्य
माझ्या मनानं पुरं करून बघतो.
रोज वेगळं होतं.
कधी त्यात व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचं नाव येतं,
कधी टँकरवाल्याचं,
एकदा तर खंदाड्यांची म्हैसच येऊन उभी राहिली
आडातून वर, ओली, रवंथ करत.

विचारून या की, शिवकांता म्हणते.
आज गेलो तिच्या गल्लीत, दुसऱ्यांदा.
दार उघडंच होतं.
आत कुणाचं तरी लेकरू हुंदके देत होतं
आणि ती सांगत होती, त्याच सपाट आवाजात:
हलू नको. थोडं दुखंल.

मी चपला न काढता बाहेरच उभा राहिलो.
मोजत.